ओसाड मध्ययुगीन गाव पाहायला गेलात तर नेमकं काय बघायचं

इंग्लंडमध्ये मध्ययुगात नांदती असलेली आणि पुढे उठलेली अशी साधारण ३००० गावं आहेत. लोक तिथे जातात, नुसतं गवत बघतात आणि "इथे काहीच नाही" म्हणत परत फिरतात, फार वाईट वाटतं हो, कारण सगळं गाव त्या गवताखालीच असतं. यॉर्कशायरमधलं व्हॅरम पर्सी त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध, म्हणून तेच धरून सांगतो.

आधी वेळ. भर दुपारी जाऊ नका, ऊन डोक्यावर असलं की जमीन सपाट दिसते. सकाळी लवकर किंवा मावळतीला, शक्यतो हिवाळ्यात गवत खुरटं असताना जा, तिरप्या उन्हात एकेक उंचवट्याची सावली पडते.

मग रस्ता शोधा, घरं नंतर. गाड्या, गुरं, पाऊस यांनी शेकडो वर्षं झिजवलेली लांबट खोलगट पट्टी म्हणजे गावचा रस्ता. त्यात उभं राहून बाजूला बघितलं की चौकोनी उंचवटे दिसतात, ते घरांचे पाये, आणि प्रत्येक घरामागे बुटक्या बांधाने आखलेलं परसू. त्यापलीकडे लाटांसारखे दिसणारे लांब वरंबे म्हणजे नांगरलेली शेतं. वरंबा एखाद्या घराच्या पायावरून जात असेल तर घर आधी पडलं आणि नांगर नंतर फिरला, एवढं न खणता कळतं!

चर्चकडे मात्र निवांत वेळ द्या. सेंट मार्टिनचं छप्पर गेलंय, बुरूज १९५९ मध्ये अर्धा कोसळला, पण भिंतीतल्या बुजवलेल्या कमानी नीट बघा. वस्ती घटली तशी चर्चची बाजूची दालनं पाडली आणि कमानी चिणून टाकल्या, म्हणजे गाव कसं आटत गेलं ते त्या एका भिंतीत दिसतं.

आणि "प्लेगने गाव संपलं" असं कृपया सांगत फिरू नका. १३४८-४९ च्या साथीनंतरही इथे लोक राहत होते. जमीनमालकांना शेतीपेक्षा मेंढ्या परवडायला लागल्या आणि १५०० च्या सुमारास शेवटच्या कुटुंबांना हुसकावलं. हे कळलं ते इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्यामुळे, १९५० ते १९९० दर उन्हाळ्यात तिथे उत्खनन चालायचं.

चिचुंदरीसारख्या मोल नावाच्या प्राण्याने उकरलेल्या मातीत कधीकधी खापराचा तुकडा दिसतो. फोटो काढा, तुकडा तिथेच राहू द्या, जागेवरून हलला की त्याची अर्धी माहिती गेली. मेटल डिटेक्टर तर नेऊच नका, संरक्षित स्थळावर तो परवानगीशिवाय वापरणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे.