वसंतातलं बँडिंग: या चुका टाळा

बँडिंग म्हणजे पक्षी जाळ्यात पकडायचा, पायात क्रमांक असलेला बँड (कडं) घालायचा, नोंद करायची आणि सोडून द्यायचा. एप्रिलच्या मध्याला कॅनडात एरी सरोवराच्या उत्तर काठावर ही जाळी लागायला सुरुवात झाली की स्वयंसेवकांची रीघ लागते. इथलं लाँग पॉइंटचं पक्षी निरीक्षण केंद्र १९६० पासून चालू आहे, पश्चिम गोलार्धातलं सगळ्यात जुनं. हल्ली या भागात टोरोंटो-मिसिसागाकडची मराठी मंडळीही येतात, बरं वाटतं. दुर्बीण उत्तम, कॅमेरा त्याहून उत्तम, पुस्तकी तयारी जोरदार. पण झाडावरचा पक्षी ओळखणं वेगळं आणि आठ ग्रॅमचा जीव मुठीत धरणं वेगळं. चुका मात्र दर वर्षी त्याच. तोंडी सांगून घसा बसला, म्हणून लिहितेय.

सगळी जाळी उघडी ठेवायचा हव्यास

ही माझ्या मते सगळ्यात वाईट चूक, आणि ती नवख्यांपेक्षा अर्धवट शिकलेले जास्त करतात.

मे महिन्यात एखाद्या रात्री दक्षिणेचा वारा सुटतो. पक्षी ओहायोच्या बाजूने सरोवर ओलांडायला निघतात आणि पहाटे अलीकडच्या काठाशी त्यांना पाऊस गाठतो. दमलेले पक्षी मग दिसेल त्या पहिल्या जमिनीवर उतरतात. याला इथे फॉलआउट म्हणतात. बघायला आलेल्यांची चंगळ असते, जाळी सांभाळणाऱ्यांची धांदल.

अशाच एका सकाळी मी एका केंद्रावर मदतीला होते. नाव घेत नाही. मुख्य बँडर गावाला गेलेला, कारभार एका हौशी तरुणाच्या हातात. आम्ही मोजकी माणसं, त्यातली निम्मी त्याच आठवड्यात आलेली. पठ्ठ्याने झाडून सगळी जाळी उघडली. पहिल्याच फेरीत खुंट्यांवर पक्षी ठेवलेल्या पिशव्या लटकवायला जागा उरली नाही. निम्मी जाळी मिटव म्हटलं, तर असा दिवस वर्षातून एकदाच येतो हे त्याचं उत्तर. तेवढ्यात भुरभुर सुरू झाली. टेबलावरच्या पिशव्या उरकण्याच्या नादात टोकाच्या जाळ्यांकडे तासभर कुणी फिरकलं नाही.

मी गेले तेव्हा मॅग्नोलिया वॉर्बलर ही चिमुकली पक्षीण सगळ्यात खालच्या कप्प्यात होती. भिजून जड झालेलं जाळं ओल्या गवताला टेकलेलं. तिचा एक पंख दोऱ्यात दोनदा पिळलेला, पोटाची पिवळी पिसं चिकटून आतली करडी कातडी दिसत होती, डोळे अर्धे मिटलेले. दोन हातांवर ग्रॅकल या मोठ्या काळ्या पक्ष्याने डोकं फोडलेली यलो वॉर्बलर. मॅग्नोलिया गरम पाण्याच्या बाटलीशेजारी खोक्यात ठेवल्यावर सावरली आणि उडाली. सगळ्या नाही सावरल्या. शेवटी उरलेल्या पिशव्यांतले पक्षी बँड न घालताच सोडावे लागले. हेच आधी केलं असतं तर?

माझा हिशेब साधा आहे: मी जाळी मोजत नाही, हात मोजते. एका फेरीत आलेले पक्षी पुढच्या फेरीपर्यंत, म्हणजे अर्ध्या तासात, हातावेगळे होणार नसतील तर जाळी मिटायची. थंडीत आणि कडक उन्हात फेरी त्याहून लवकर. गर्दी फारच असेल तर जाळ्यातून काढला की तिथेच सोडायचा, टेबलापर्यंत आणायचाच नाही. पावसाचा पहिला थेंब पडला की मिटायचं, ‘थांबेल आता’ म्हणत बसायचं नाही. आणि मिटलेलं जाळं गुंडाळून जागोजागी बांधायचं, नाहीतर सैल झोळात पक्षी अडकतो आणि तिकडे कुणी बघतही नाही. ‘डेटा वाया जातो’ असं कुणी म्हटलं की मी त्याला पिशव्या धुवायला बसवते.

जाळ्याशी झटापट

पक्षी कुठल्या बाजूने शिरला हे आधी बघा. ज्या बाजूने आत आला त्याच बाजूने बाहेर येतो, बाकी सगळी ओढाताण. चिकॅडी पायांनी दोरे गच्च धरते, तिच्याशी जोर लावण्यात अर्थ नाही. बोटं अलगद सोडवा, ती परत धरेल, परत सोडवा. थ्रशची जीभ दोऱ्यात अडकते, म्हणून चोचीत आधी डोकवा. दोन मिनिटांत काही सुटत नसेल तर हाक मारा. गप्प राहून पंधरा मिनिटं लढणारे शूरवीर मला नकोत. आणि छोटी कात्री खिशात असू द्या. दोरा कापायची लाज कसली? जाळं नंतर शिवता येतं.

तारेवरचा आकडा

बँड क्रमाने एका तारेत ओवलेले असतात. एका मे महिन्यात आधीच बँड असलेला पक्षी हातात आला. कॉमन यलोथ्रोट, काळा बुरखा पांघरलेला नर, चुकायला वावच नाही. नोंदीत मात्र त्या क्रमांकावर यलो वॉर्बलर. दोघांनाही शून्य नंबरच्याच मापाचा बँड बसतो, त्यामुळे घालताना कुणाला संशय आला नव्हता. जुने कागद काढले तेव्हा उलगडा झाला: एक बँड खाली पडला, घालणाऱ्याने तारेवरचा पुढचा घेतला, आणि लिहिणारा बिचारा ओळीने आकडे भरत गेला. तिथून पुढची सगळी सकाळ एका घराने सरकलेली.

कॅनडा आणि अमेरिकेचे बँड एकाच क्रमांक पद्धतीतले असतात. उद्या तो पक्षी मध्य अमेरिकेत कुणाला सापडला तर त्याची ओळख त्या नऊ आकड्यांवरच. तेव्हा बँड मिटल्यावर पायावरचा आकडा वाचा, तारेवरचा नाही. मोठ्याने वाचा, आणि लिहिणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा. माझ्या गळ्यात भिंग असतं, त्याला हसणारे हसोत. निघताना तारेवर उरलेला पहिला बँड कागदाशी ताडून बघितल्याशिवाय मी चहाला बसत नाही.

वसंतात कवटी कशाला बघता?

शरद ऋतूत शिकलेली माणसं मे महिन्यातही कवटीवरून वय ठरवायला डोक्यावरची पिसं फुंकत बसतात. बहुतेक लहान पक्ष्यांची कवटी वसंतापर्यंत पूर्ण भरलेली असते, तिथे वय कळत नाही. पंख उघडा. गेल्या उन्हाळ्यात जन्मलेला पक्षी १ जानेवारीला ‘दुसऱ्या वर्षाचा’ होतो, पण पंखावर घरट्यातली जुनी पिसं अजून वागवतो: प्रायमरी कव्हर्ट्स (पंखाच्या टोकाकडच्या लांब पिसांची मुळं झाकणारी पिसं) तपकिरी, झिजलेली, आणि शेजारची, पंखाच्या आतल्या भागावरची ग्रेटर कव्हर्ट्स नवी, गडद. हा फरक दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली सगळंच तपकिरी दिसतं. फरक नक्की दिसत नसेल तर ‘पहिलं वर्ष उलटलेला’ एवढंच लिहा. अंदाजाने भरलेला रकाना रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट.

बाकीचं भराभर

पाय धरून फोटो काढायची पकड शेवटी शिका. आधी मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधे धरायची पकड पक्की होऊ दे.

बँडची टोकं एकमेकांवर चढली तर तसाच सोडू नका, आणि एकटे उघडायलाही जाऊ नका.

पोटात अंडं जाणवलं तर मापं राहू दे, मादी लगेच सोडा.

आल्डर की विलो फ्लायकॅचर या दोन हुबेहूब पक्ष्यांवर वाद घालू नका, दोघांचं सामाईक नाव ‘ट्रेल्स’ लिहा.

एका पिशवीत एकच पक्षी. ‘दोघं लहान आहेत’ हे कारण नाही.

हमिंगबर्डला हात लावायची घाई नको, त्याच्या बँडिंगची परवानगी वेगळी असते.

घड्याळ, अंगठ्या, बांगड्या गाडीत ठेवा. जाकिटाची चेन आणि बटणं जाळ्यात सगळ्यात आधी तुम्हालाच अडकवतात.

गोचिड्या इथे भरपूर, आणि लाइमचा आजार पसरवणाऱ्या. विजार मोज्यात खोचा, औषध कपड्यांवर फवारा पण तळहातांना लावू नका, ते पिसांना लागतं. घरी गेल्यावर गुडघ्यामागे आणि कानामागे बघा.