काराबाखचं युद्ध समजून घ्यायचं तर सुरुवात कुठून करावी

आर्मेनिया-अझरबैजानचा विषय निघाला की वर्गातली मुलं लगेच धर्मावर येतात. मी त्यांना आधी 1923 कडे नेते. त्या साली सोव्हिएत सत्तेने आर्मेनियन बहुसंख्य असलेल्या नागोर्नो-काराबाखला स्वायत्त प्रांत केलं, पण अझरबैजानच्या आत. मॉस्कोचा वचक होता तोवर ती नुसती प्रशासकीय रेघ होती.

मग 1988 वर थांबा, घाई करू नका. फेब्रुवारीत काराबाखच्या प्रादेशिक सोव्हिएतने, म्हणजे तिथल्या प्रतिनिधी सभेने, आर्मेनियात जाण्याची मागणी केली आणि काही दिवसांतच अझरबैजानमधल्या सुमगाईत शहरात आर्मेनियनांवर जीवघेणे हल्ले झाले. काराबाखमधल्या खोजाली गावात 1992 मध्ये काय झालं तेही तितक्याच लक्षपूर्वक वाचा; तिथे अझरबैजानी नागरिक मारले गेले. एकाच बाजूच्या मृतांची यादी घेऊन बसलात तर कारण हाती लागणार नाही.

पुढे सत्तेकडे पाहा. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. 1994 च्या युद्धविरामानंतर काराबाखभोवतालचे अझरबैजानी जिल्हेही आर्मेनियन फौजांकडेच राहिले. तडजोडीची भाषा करणारे आर्मेनियाचे राष्ट्राध्यक्ष लेवॉन तेर-पेत्रोस्यान यांना 1998 मध्ये पायउतार व्हावं लागलं. त्यांच्या जागी मूळचे काराबाखचे रॉबर्ट कोचारयान आले. तडजोड करणाऱ्याची खुर्ची जाते, हे दोन्ही राजधान्यांनी पाहिलं. तिकडे बाकू, म्हणजे अझरबैजानची राजधानी, तेलाच्या पैशातून सैन्य उभारत होतं.

2020 चं 44 दिवसांचं युद्ध आणि सप्टेंबर 2023 मध्ये एक लाखाहून अधिक आर्मेनियनांनी सोडलेली काराबाखमधली घरं, हे सगळं त्यानंतर वाचा.