अंगणातला माड काढण्यापूर्वी या चुका टाळा

घराच्या आवारातला माड काढायची वेळ आली की बहुतेकांची समजूत अशी असते की झाड आपल्या जागेत आहे म्हणजे निर्णयही आपलाच, आणि एखादा तोडणारा बोलावला की अर्ध्या दिवसात काम संपेल. शहरी भागात यातली एकही गोष्ट खरी ठरत नाही. शिवाय माड, ताड, पोफळ, शिंदी, भेरली माड किंवा बंगल्यांपुढे शोभेसाठी लावलेला बॉटल पाम ही झाडे आंब्या-वडासारखी वाढत नाहीत. त्यांना सहसा फांद्या नसतात, खोड दरवर्षी जाड होत जात नाही आणि वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्याला असतो. परवानगीच्या अर्जापासून तोडलेल्या खोडाची विल्हेवाट लावण्यापर्यंत होणाऱ्या अनेक चुकांचे मूळ हा फरक लक्षात न घेण्यात आहे.

गावचा नियम शहरात लावणे

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात वृक्षतोडीचे नियमन 1964 च्या अधिनियमानुसार होते. त्याच्या अनुसूचीत साग, खैर, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ अशी झाडे आहेत, पण नारळ नाही. त्यामुळे कोकणातल्या वाडीत जुना माड काढून नवा लावणे हा बागायतीचा नेहमीचा व्यवहार राहिला आहे. महानगरपालिका आणि नगरपरिषदांच्या हद्दीत मात्र महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू होतो आणि तिथे खासगी आवारातल्या माडालाही वृक्ष अधिकाऱ्याची किंवा वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. हद्दवाढीत गाव शहरात आले की कायदाही बदलतो, आणि ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या न विचारता माड काढले गेले त्यांची इथेच चूक होते. आपली जागा आज कोणत्या हद्दीत आहे, हे काम ठरवण्यापूर्वी स्थानिक कार्यालयात विचारून घ्यावे.

गोव्यात घर असलेल्यांनी जुन्या माहितीवर विसंबू नये. तिथे 2016 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून माडाला वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आले होते आणि त्यावरून मोठा विरोध झाला. 2017 मध्ये माड पुन्हा संरक्षणाखाली आला. 'गोव्यात माडाला परवानगी लागत नाही' हे वाक्य त्या मधल्या काळातले आहे. आता वन खात्याकडे रीतसर अर्ज करावा लागतो.

अर्जातल्या चुका

अर्ज मालकाने करायचा असतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेत तळमजल्यावरच्या सदस्याने किंवा भाडेकरूने एकट्याने केलेला अर्ज पुढे सरकत नाही. संस्थेचा ठराव, जागेचा मालकी पुरावा, झाडाची नेमकी जागा आणि चहूबाजूंनी काढलेली छायाचित्रे सोबत जोडावीत. मुंबईत हा अर्ज विभाग कार्यालयातल्या उद्यान खात्याकडे जातो. पाहणी, हरकतींसाठी जाहीर सूचना आणि मग निर्णय, असा हा क्रम आहे. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस अर्ज करून पहिल्या पावसाआधी झाड जाईल अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. हे काम हिवाळ्यातच हाती घ्यावे. परवानगी मिळाल्यावरही पत्रातल्या अटी आणि मुदत शब्दशः वाचल्याशिवाय तोडणाऱ्याला बोलावू नये.

अर्जातल्या कारणाबाबतही हीच काळजी हवी. 'मुळांमुळे पायाला तडे जात आहेत' हे कारण अनेक जण सवयीने लिहितात, पण माडाला सोटमूळ नसते. बुंध्यापासून निघणारी त्याची असंख्य मुळे साधारण बोटाएवढी जाड असतात आणि वडाच्या मुळांसारखी फुगत जात नाहीत, त्यामुळे पाहणीला आलेला जाणकार हे कारण सहसा मान्य करत नाही. खोड तिरके असणे हेही पुरेसे कारण नाही, कारण माड उजेडाच्या दिशेने झुकत वाढतो आणि तसाच कित्येक दशके उभा राहतो. धोक्याची लक्षणे वेगळी आहेत. झुकाव अचानक वाढणे, बुंध्याजवळची माती एका बाजूला उचलली जाणे, खोडात पोकळी होणे, शेंड्याकडे खोड पेन्सिलीच्या टोकासारखे निमुळते होत जाणे किंवा भोकांतून तपकिरी चिकट द्रव पाझरणे, यांपैकी जे दिसत असेल ते तारखेसह लिहावे. शेजारच्या बांधकामासाठी बुंध्याला लागून खोदाई झाली असेल तर तेही नमूद करावे, कारण माडाचा आधार त्या उथळ मुळांच्या जाळ्यातच असतो.

परवानगी नाकारली गेली म्हणून विषय सोडून देणे ही मला सर्वांत गंभीर वाटणारी चूक आहे. जुलै 2017 मध्ये चेंबूर येथे माड कोसळून रस्त्याने जाणाऱ्या एका महिलेचा मृत्यू झाला. ते झाड काढण्याची परवानगी आधी मागितली होती आणि ती मिळाली नव्हती, हे त्यानंतर वृत्तपत्रांत आले. वरून हिरवागार दिसणारा माड आतून वा मुळाशी कमजोर असू शकतो. म्हणून नकार आल्यास नव्या छायाचित्रांसह फेरपाहणीची लेखी मागणी करावी, पोच घ्यावी आणि तोवर त्याखाली वाहने लावणे व मुलांचे खेळणे बंद ठेवावे. झाड कोसळण्याच्या बेतात असल्यास मुंबईत 1916 या क्रमांकावर किंवा अग्निशमन दलाला 101 वर तत्काळ कळवावे.

वय खोडाच्या जाडीवरून ठरवणे

महाराष्ट्राच्या 1975 च्या अधिनियमातील 2021 च्या दुरुस्तीने झाडाच्या वयाला मोठे महत्त्व आले आहे. 50 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला प्राचीन वृक्षाचे संरक्षण मिळते आणि एक झाड तोडण्याच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी झाडे लावून ती जगवण्याची जबाबदारी येते. आता अडचण अशी की माडाच्या खोडात वार्षिक कडी नसतात आणि घेर वयाबरोबर वाढत नाही, त्यामुळे घेरावरून काढलेले वय भलतेच निघू शकते. माडाला वर्षाला साधारण बारा झावळ्या येतात आणि गळलेल्या प्रत्येक झावळीची खूण खोडावर राहते. या खुणा मोजून बाराने भागावे आणि खोड तयार होण्यापूर्वीची चार-पाच वर्षे मिळवावी, म्हणजे विश्वासार्ह अंदाज मिळतो. घर बांधल्याच्या किंवा झाड लावल्याच्या काळातले जुने छायाचित्र असेल तर तेही जोडावे. 1960 च्या दशकातल्या बंगल्याच्या आवारातला बाणवली (उंच वाढणाऱ्या स्थानिक जातीचा) माड आज सहज प्राचीन वृक्षाच्या वर्गात मोडतो.

छाटणीच्या नावाखाली शेंडा उडवणे

'तोडायला नको, नुसता अर्ध्यावर कापू' हा सल्ला माडाच्या बाबतीत घातक आहे. आंब्याची फांदी छाटली की बाजूने धुमारे फुटतात. माडाचा शेंडा गेला की माड मेला. कायद्याच्या भाषेत झाड जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा पोचवणे हीसुद्धा तोडच आहे, त्यामुळे केवळ छाटणीची परवानगी घेऊन शेंडा कापणारा विनापरवानगी तोडीच्या गुन्ह्यात सापडतो. वाळलेल्या झावळ्या आणि पिकलेले नारळ उतरवणे एवढीच माडाची छाटणी, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच खालच्या माणसांचा धोका टळतो. भीती नारळ पडण्याची असेल तर झाड काढण्याआधी वर्षातून तीन-चार वेळा पाडप, म्हणजे नारळ उतरवण्याचे काम, करून पाहावी.

खोडाला भोके पाडून रॉकेल, आम्ल किंवा तणनाशक ओतणे हा तर दुहेरी धोका आहे. तो गुन्हा आहेच, शिवाय मेलेला माड उभ्याउभ्या कुजतो. अशा खोडावर कोणताही जाणता पाडेली (माडावर चढून नारळ उतरवणारा) चढणार नाही. मग क्रेन आणावी लागते आणि ती अंगणात शिरेल याची खात्री नसते.

प्रत्यक्ष तोडणी

माडाचे खोड बाहेरून कठीण आणि आतून मऊ, तंतुमय व पाण्याने जड असते. लाकूड तोडताना जसा करवतीचा काप पडण्याची दिशा राखतो तसा इथे भरवसा नसतो, आणि यांत्रिक करवतीची साखळीही लवकर बोथट होते. वस्तीत माड एकसंध पाडू नये. आधी नारळ आणि झावळ्या, मग शेंडा, मग वरून खाली दोराने बांधून एकेक तुकडा, असाच क्रम ठेवावा. वीजवाहिनी जवळ असेल तर पुरवठा बंद करण्यासाठी वीज कंपनीच्या स्थानिक कार्यालयाला आधी लेखी कळवावे, कारण ओली झावळी तारेला टेकली तर वर चढलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. चढणाऱ्याचा अपघात विमा आहे का, हेही विचारावे. नारळ विकास मंडळाने प्रशिक्षण दिलेल्या चढणाऱ्यांसाठी अशी विमा योजना आहे. भेरली माडाच्या फळांचा रस कातडीला लागला की तीव्र खाज सुटते आणि शिंदीच्या झावळ्यांच्या देठाशी काटे असतात, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच.

निरोगी बॉटल पाम केवळ जागेसाठी हलवायचा असेल तर पुनर्रोपणाचा पर्याय आधी तपासावा. मातीचा गोळा नीट राखून पावसाळ्याच्या तोंडावर हलवलेली ताडवर्गीय झाडे पुष्कळदा जगतात. मात्र त्यालाही परवानगी लागते.

खोड तसेच टाकून देणे

झाड पडले की काम झाले असे समजून तुकडे कुंपणाशी रचून ठेवले जातात. माडाचा बुंधा पुन्हा फुटत नाही, त्यामुळे तो उपटण्याची घाई नसते, पण कुजणारे खोड हे गेंड्या भुंग्याच्या अळ्यांचे आवडते घर आहे. तिथे वाढलेला भुंगा शेजारच्या निरोगी माडांचा कोंब पोखरतो, आणि त्या जखमांकडे सोंड्या भुंगा आकर्षित होतो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यात माड मोठ्या संख्येने आडवे झाले, तेव्हा पडलेली खोडे लवकर हलवणे बागायतदारांसाठी याच कारणाने महत्त्वाचे होते. तोडणाऱ्याशी व्यवहार ठरवतानाच खोड उचलून नेण्याचा खर्च त्यात धरावा. ते शक्य नसेल तर खोड उभे चिरून उन्हात पूर्ण वाळवावे आणि बुंधा जमिनीलगत कापून त्यावर मातीचा जाड थर द्यावा. भुंग्याचा प्रादुर्भाव आधीच दिसत असेल तर रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राचा सल्ला घेता येतो.