मोडी येते ना? मग सांगा की चार लोकांना

कोणी सरकारी वर्गात मोडी, म्हणजे जुने मराठी कागद लिहायची ती लिपी, शिकलंय, कोणी आजोबांकडून, कोणी लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ बघून, सर्टिफिकेट पण आहे बऱ्याच जणांकडे, पण कागद पुढे केला की "छे छे, मला कुठे नीट येते" म्हणून मोकळे. मी पण सात वर्षं हेच म्हणत होते. आणि 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा जुनी रजिस्टरं मोडीत आणि वाचणारी माणसं हुडकत फिरायची पाळी. म्हणून ज्यांना थोडीफार तरी येते त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी आपल्याला नक्की कुठली मोडी जमते ते बघा. शिवकालीन वळण वेगळं, पेशवेकालीन वेगळं, इंग्रजांच्या काळातलं आणखी वेगळं. घरोघरी ट्रंकेत जी गहाणखतं, खरेदीखतं, वाटणीचे कागद असतात ते बरेचसे ह्या शेवटच्या काळातले, आणि तेच शिकलेल्यांना त्यातल्या त्यात सोपे जातात. शिवकालीन पत्र लागत नाही म्हणून गप्प बसायचं काहीच कारण नाही.

मग सांगून टाका. भावकीच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर एक ओळ, "जुने मोडी कागद असतील तर मला थोडं वाचता येतं, फोटो पाठवा", बास. मी टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरचे काका प्लॅस्टिकच्या पिशवीत एक सुरळी घेऊन आले. शेताचं गहाणखत. त्यात एका नावापुढे "बिन" आणि पुढे दुसरं नाव, काकांना वाटायचं बिन हे आडनाव असेल. मी म्हटलं काका, बिन म्हणजे मुलगा, अमक्याचा मुलगा तमुक. पणजोबांचं नाव त्यांना माहीत होतं, पणजोबांच्या वडिलांचं घरात कुणालाच नव्हतं, ते तिथे लिहिलेलं. त्या शब्दाखाली बोट ठेवून बसले होते, तीनदा वाचायला लावलं माझ्याकडून, मग बहिणीला फोन लावला. तो कागद त्यांच्याच घरात होता हो इतकी वर्षं, आणि मी वरच्या मजल्यावर.

आता वाचताना काय करायचं. ओळींना नंबर द्या आणि ओळीला ओळ लिहा, अर्थ मागाहून. मोडीत आधी आडवी रेघ ओढून त्याखाली अक्षरं लिहीत जायची पद्धत, शब्द सुटे नाहीत, पूर्णविराम नाही, त्यामुळे शब्द कुठे तोडायचा ह्यातच निम्मा वेळ जातो. ऱ्हस्व-दीर्घ पण बघत नाहीत, सुत म्हणजे मुलगा की सूत म्हणजे धागा हे मागच्या-पुढच्या शब्दांवरून ठरवायचं. लागलं नाही तिथे टिंबं द्या, शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह, पण अंदाजाने भरू नका, प्लीज. दहा ओळींतल्या सात नीट लागल्या तरी समोरच्याला आधी शून्य कळत होतं हे लक्षात ठेवा.

पेशवेकालीन कागद आला तर साल अरबी शब्दांत असतं, त्याला घाबरू नका. "खमस सितैन मया व अलफ" म्हणजे पाच, साठ, शंभर आणि हजार, 1165 झाले, हा सुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या कागदांत वापरायची वर्षगणना, त्यात 599 किंवा 600 मिळवा की इसवी सन 1764-65 येतं. वर्ष मृगाच्या सुमारास बदलतं म्हणून दोन आकडे. ह्या अंकांचा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, सारखा लागतो.

लोकांना हेही सांगा की कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, खिडकीजवळच्या उजेडात फ्लॅश न मारता फोटो काढा. आणि जमिनीचा वाद असेल तर काय लिहिलंय तेवढंच सांगा, जमीन कोणाची ते सांगायला जाऊ नका. कोर्टासाठी मान्यताप्राप्त मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्यायला लागतं, तिकडे पाठवा.

पैसे? घरगुती एखादं पान मी असंच वाचून देते, मोठं काम आलं की पानाचे ठरवून घेते, लाजत नाही, कारण एका पानाला कधी कधी अख्खा रविवार जातो.

अडलं की विचारायला दोघंतिघं हवेत, शिकताना सोबत असलेल्यांचा ग्रुप परत जागा करा. आणि शेजारच्या एखाद्या पोराला शिकवायला घ्या, बाराखडीपासून नाही, त्याच्या नावापासून. काकांचा नातू सहावीत आहे, त्याला आधी रेघ ओढायला लावली, मग खाली नाव. आता गहाणखतातलं ते "बिन" तो स्वतः शोधून दाखवतो.