मानेचा मणका दाखवायला जाताना

वडिलांच्या मानेच्या मणक्यांची झीज होऊन मज्जारज्जू दाबला गेलाय असा संशय असेल, तर ओपीडीच्या आदल्या रात्री वही घेऊन बसा. मान किती दुखते ते सगळ्यात शेवटी लिहा. या दुखण्यात मान कित्येकदा फारशी दुखतच नाही, म्हणून घरचे गाफील राहतात. आधी हातांचं लिहा. म्हशीची धार काढताना बोटं वळत नाहीत का, शर्टाचं बटण काजात जायला वेळ लागतो का, सही बदललीय का? मग पाय. कोल्हापुरी पायातून निसटते आणि कळतही नाही, अंधारात तोल जातो, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. मान खाली घातली की पाठीतून करंट उतरतो का, तेही. लघवीची घाई होते की ती अडकते, हे वडील सगळ्यांसमोर सांगणार नाहीत. एकांतात विचारा, पण विचाराच. प्रत्येक गोष्टीपुढे ती कधी सुरू झाली ते लिहा. चालण्याचा व्हिडिओ मोबाईलवर घ्या.

एमआरआय झाला असेल तर नुसता रिपोर्ट नको, फिल्म आणि सीडीही न्या. साखरेचे, बी-१२ चे रिपोर्ट सोबत असू द्यात, कारण साखर वाढली किंवा बी-१२ कमी पडलं तरी हातपाय बधिरतात. पेसमेकर असेल तर आधीच सांगा. गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाका. रक्त पातळ करणारी गोळी मनानं बंद करू नका. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात जाणार असाल तर आधार, रेशन कार्ड घ्या आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या माणसाला तिथंच विचारा.

सलूनमध्ये मान मोडून घेणं, तालमीत वस्तादांकडून मान चोळून घेणं आजपासून बंद. वस्तादांचा मान आहेच, पण दाबलेल्या मज्जारज्जूला झटका सोसत नाही. गावाकडून येताना मोटरसायकल नको; एसटीत पुढची सीट धरा. सिगारेटही सोडायला लावा, मणके जोडायचे झाले तर धुरानं हाड नीट जुळत नाही.

डॉक्टरांना विचारायचं ते वहीतच लिहा: दाब कुठल्या मणक्यांपाशी आहे, ऑपरेशन समोरून की मागून, थांबलो तर काय होईल? ऑपरेशनचा पहिला हेतू बिघाड तिथंच रोखणं हा असतो. गेलेली ताकद बऱ्याच जणांना थोडीफार परत मिळते, पण जितका उशीर तितकी आशा कमी. आणि हातापायातला जोर अचानक गेला किंवा लघवी तुंबली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी अपघात विभागात न्या.