पोर्टलवरून नोकरी शोधताय? या चुका टाळा

इंदूरची मुलं पोर्टलवर ठिकाण म्हणून फक्त 'इंदूर' टाकतात आणि मग जागाच नाहीत म्हणून कुरकुरतात. पीथमपूर धार जिल्ह्यात येतं. तिथल्या कारखान्यांच्या जागा अनेकदा 'धार' किंवा 'पीथमपूर' या नावानं पडतात, त्या तुम्हाला दिसणार कशा? देवास आणि महूही टाकून ठेवा.

रेझ्युमेत 'मेहनती, प्रामाणिक' लिहून काही होत नाही. रिक्रूटर सर्चमध्ये 'टॅली', 'जीएसटी रिटर्न', 'सीएनसी ऑपरेटर' असे शब्द टाकतो, तेव्हा जे काम येतं ते त्याच नावानं लिहा. वडिलांचं नाव, जन्मतारीख, घरचा पूर्ण पत्ता, आधार नंबर यातलं काहीही नको. लग्नाचा बायोडेटा आणि नोकरीचा रेझ्युमे यांत आपल्याकडे अजून फारसा फरक करत नाहीत! नोकरी पक्की झाल्यावर आधार मागितलं, तर आधी शेवटचे 4 अंकच दिसणारं मास्क्ड आधार द्या.

आता पैशाचं. धड मुलाखत न घेता ऑफर लेटर येतं, लोगो आणि शिक्क्यासकट. आधी रजिस्ट्रेशनचे चार-पाचशे मागतात, मग व्हेरिफिकेशनचे, मग लॅपटॉपचं 'रिफंडेबल' डिपॉझिट. पहिली रक्कम मुद्दाम किरकोळ ठेवलेली असते. ती भरली की 'एवढे दिलेच आहेत तर' म्हणून माणूस पुढचीही भरतो. पहिल्याच मागणीला थांबा. पोर्टल रेझ्युमे लिहून देण्यासारख्या सेवा विकतं, पण तो वेगळा व्यवहार आहे. त्या घेतल्या म्हणून नोकरी मिळत नाही. केंद्र सरकारचं 2015 पासून चालू असलेलं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल तर फुकट आहे.

ऑफर लेटरवर सीआयएन, म्हणजे कंपनीचा सरकारी नोंदणी नंबर शोधा. तो 21 अक्षर-अंकांचा असतो. सुरुवातीला एल किंवा यू, मग 5 अंक, मग राज्याची 2 अक्षरं (आपल्याकडची असेल तर एमपी) आणि त्यापुढे कंपनी नोंदल्याचं वर्ष. 'पंचवीस वर्षांचा अनुभव' सांगणाऱ्या कंपनीच्या नंबरात 2023 दिसलं, तर खुलासा मागा. छोट्या भागीदारी फर्मला हा नंबर नसतो, ते चालतं. पण ठग खऱ्या कंपनीचा नंबरही उचलतात, म्हणून कंपनी मंत्रालयाच्या साइटवर नाव तपासून थांबू नका. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा फोन लावा आणि ही जागा खरंच आहे का, ते विचारा. पत्रात दिलेला नंबर लावून उपयोग नाही, तो ठगांचाच.

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेल्या जाहिरातीलाही हाच नियम. काकांनी पाठवली म्हणजे काकांनी तपासली असं नव्हे, त्यांनी ती नुसती पुढे ढकललेली असते.

आपल्या शहरात याहून धोकादायक प्रकार आहे, आणि त्यात पैसे कोणी मागतच नाही. 'अ‍ॅडव्हायझरी एक्झिक्युटिव्ह, पगार अधिक इन्सेंटिव्ह', चकचकीत ऑफिस, पगारही वेळेवर. काम काय, तर फोनवरून अनोळखी लोकांना शेअरच्या टिप्स विकायच्या. नोंदणी नसताना असा सल्ला विकणाऱ्या इंदूरच्या अनेक फर्मवर शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं कारवाई केली आहे. छापा पडला की मालक सापडो न सापडो, फोनवर बसलेली मुलं जागेवरच सापडतात. रुजू होण्याआधी फर्मचा सेबी नोंदणी क्रमांक मागा. गुंतवणूक सल्लागाराचा 'आयएनए'नं सुरू होतो आणि सेबीच्या साइटवर पडताळता येतो. फोनवर खोटं नाव सांगायला लावलं किंवा दुसऱ्याच्या नावाचं सिम हातात दिलं, तर त्याच दिवशी बाहेर पडा.

पैसे गेलेच असतील तर लाजून घरात लपवू नका. लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा, बँकेला कळवा, सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. चॅट रागाच्या भरात डिलीट करू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, यूपीआयचा व्यवहार क्रमांक लिहून ठेवा आणि ती जाहिरात पोर्टलवर रिपोर्ट करा.