मोरेटन बेटाची एका दिवसाची सहल

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनहून मोरेटन बेटावर, म्हणजेच तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलगुम्पिनवर, एका दिवसात जाऊन यायचे असेल, तर बोटीचे तिकीट काढण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या वेळा पाहाव्यात. बेटावरच्या टँगलूमाजवळ १९६३ पासून मुद्दाम बुडवलेल्या जुन्या जहाजांभोवती पाण्याला जोराची ओढ असते. म्हणून भरती किंवा ओहोटी पूर्ण होऊन पाणी थबकते, त्याच सुमारास तिथे पोहणे इष्ट, आणि तेही एकट्याने नव्हे. वाळूच्या टेकड्यांवरून फळीवर घसरण्याचा कार्यक्रम या वेळेभोवती बसवावा. डिसेंबर ते फेब्रुवारीत, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, दुपारची वाळू पाय भाजण्याइतकी तापत असल्याने टेकड्यांसाठी सकाळच चांगली. फळीवर पालथे पडून घसरताना तोंड मिटलेले, हातांची कोपरे वर उचललेली आणि डोळ्यांवर गॉगल असावा. प्रत्येक घसरणीनंतर चढ पुन्हा पायीच चढावा लागतो, त्यामुळे सोबतच्या आजी-आजोबांना आग्रह करू नये. त्यांच्यासाठी किनाऱ्यावरची सावलीच सुखाची. बेट जवळजवळ संपूर्ण वाळूचे असल्याने साधी मोटार तिथे चालत नाही, तेव्हा टेकड्यांपर्यंतच्या बसची जागा तिकिटाबरोबरच राखून ठेवावी. बोटीला एका बाजूने साधारण सव्वा तास लागतो, हेही वेळ आखताना लक्षात घ्यावे.